‘घरचे पाठवत नाहीत’ म्हणण्याआधी

शाळांच्या दफ्तरात एक वाक्य नेहमी सापडते : ‘पालकांची परवानगी नसल्यामुळे मुलींचा संघ पाठवता आला नाही.’ मुली मुसलमान असल्या तर या वाक्याला कुणी पुरावाही मागत नाही. मी वीसेक वर्षे हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. हे वाक्य मीही एकदा माझ्या हाताने लिहिले आहे, आणि ते खोटे होते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला. नववीतली एक मुलगी तर अशी होती की संरक्षणाला उतरली की दोन-अडीच मिनिटे कुणाच्या हाती लागायची नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅकपँट, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ. कपड्यांवरून ना घरी वाद झाला, ना मैदानावर. जिल्हा स्पर्धेला मात्र एक रात्र मुक्काम होता. तिचे वालिद रिक्षा चालवतात. ते शाळेत आले आणि एवढेच म्हणाले, “मिस, तुम्ही सोबत जाणार ना? मग माझी काही हरकत नाही.”

क्रीडाशिक्षक पुरुष. मुलींसोबत शिक्षिका हवीच. आम्ही तिघी होतो आणि तिघींकडे कारणे होती. माझ्या सासूबाई आजारी होत्या, मुलाची चाचणी परीक्षा होती. मी नाही म्हणाले. संघ गेला नाही. वर्गशिक्षिका म्हणून नोंद मला करायची होती. ‘शिक्षिका उपलब्ध झाली नाही’ असे लिहायला हात धजेना. मग नेहमीचे वाक्य लिहिले. त्या बापाने दिलेली परवानगी मी कागदावर नाकारून टाकली. दहावीत ती मुलगी मैदानाकडे फिरकली नाही.

म्हणून आज ‘मुस्लिम मुलींना घरचे खेळू देत नाहीत’ असे कुणी म्हटले की मला तो रिक्षावाला बाप आठवतो. घरी अडवणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. ‘वयात आलेली पोर उड्या मारते’ हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात मीही ऐकले आहे, लहानपणी माझ्याबद्दलही. पण त्या लोकांच्या आड शाळा किती सहज लपते, हे मी आतून पाहिले आहे.

आपल्या हायस्कुलांचे मैदान एकदा मधल्या सुट्टीत पाहा. मधोमध मुलांचे क्रिकेट. मुली भिंतीच्या कडेने, हातात हात घालून फिरणाऱ्या. हे कुणी ठरवले? कुणीच नाही, आणि तिथेच गोम आहे. जिथे कुणी ठरवत नाही तिथे मोठा आवाज असणाऱ्याला जागा मिळते. स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, कपडे बदलायला खोली नाही. पाळीच्या दिवसांत मुलगी खेळाच्या तासाला ‘पोट दुखतंय’ म्हणून वर्गात बसते आणि आपण वहीत ‘आवड नाही’ असा शेरा मारतो.

आवडीबद्दल बोलायचे तर अमेरिकेचे उदाहरण पाहा. तिथे १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढेच त्यात होते. खेळाचा उल्लेखही नव्हता. पण तो खेळालाही लागू झाला. त्याआधी तिथल्या हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. आज तो आकडा तीस लाखांच्या वर आहे. त्या मुलींच्या आवडीत एवढा फरक कशाने पडला असेल? त्यांना संघ, मैदान आणि प्रशिक्षक मिळाले.

पडद्याचा प्रश्नही आपण समजतो तेवढा अडलेला नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ मध्ये डोके झाकून खेळायला परवानगी दिली. अमेरिकेच्या इब्तिहाज मुहम्मदने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हिजाब घालून तलवारबाजीत सांघिक कांस्यपदक मिळवले. आपल्या नांदेडला लागूनच असलेल्या निजामाबादच्या निखत जरीनला बॉक्सिंगच्या शॉर्ट्सवरून टोमणे ऐकावे लागले. वडील पाठीशी राहिले आणि ती २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षे जगज्जेती झाली. एकीने डोके झाकले, दुसरीने झाकले नाही. दोघींना खेळायला मिळाले, हे महत्त्वाचे.

दीनचा दाखला देणाऱ्यांना मी अदबीने एक आठवण करून देते. हजरत आयेशा यांनी प्रवासात पैगंबरांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा पैगंबर जिंकले. कुणी म्हणेल, ती पती-पत्नीमधली गोष्ट. मान्य. पण बाईच्या जातीला धावणे शोभत नाही, असे म्हणायला त्यात जागा कुठे उरते?

आणि खो-खो तर आपल्या मातीतला खेळ. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. या खेळाला ना महागडे बूट लागतात ना रॅकेट. दोन खांब, मोकळी जागा आणि सोबत जाणारे एक मोठे माणूस लागते.

हे मोठे माणूस शाळेने नेमून द्यायला हवे. शिक्षिकेला कामगिरीवरची रजा आणि प्रवासखर्च मिळावा. शिक्षिका कमी असतील तर एखाद्या मुलीच्या अम्मीला संघासोबत न्यावे. विचारून पाहा, आनंदाने येतील. मुक्काम कुठे, परत किती वाजता, हे पालकांना आठवडाभर आधी कळावे. मगरिबनंतर पोर कुठे आहे याची चिंता करणारा बाप मागासलेला नसतो. त्याला उत्तर हवे असते. आणि मैदान आठवड्यातून निदान दोन दिवस फक्त मुलींचे, असे वेळापत्रकात छापून लावावे.

या वर्षी संघ व्यवस्थापक म्हणून मी माझे नाव मुख्याध्यापकांना लेखी दिले आहे. घरी सांगितले आहे की त्या दोन दिवसांचा स्वयंपाक तुम्ही बघा. नवरा म्हणाला, “खिचडी चालेल का?” चालेल म्हटले.

तुमची मुलगी हायस्कूलमध्ये असेल तर पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर आणखी एक गोष्ट विचारा : मुलींना मैदान कोणत्या दिवशी मिळते, आणि स्पर्धेला त्यांच्यासोबत कोण जाते? उत्तर लेखी मागा. तोंडी उत्तर काय मिळेल, ते मला माहीत आहे.