पडद्यावरचा रंगही मापात हवा

कापडाच्या धंद्यात भांडणे होतात ती बहुधा दोन गोष्टींवरून, एक माप आणि दुसरा रंग. मापाचे भांडण लवकर मिटते, कारण मीटरची पट्टी दोघांसमोर ठेवता येते. रंगाचे भांडण मिटता मिटत नाही. घेणारा म्हणतो, फोटोत डाळिंबी होती. देणारा म्हणतो, आम्ही डाळिंबीच दिली. दोघेही खरे बोलत असतात आणि तरीही ताके परत येतात. जाण्यायेण्याच्या भाड्याचा भुर्दंड कोणावर तरी बसतोच, आणि तो बहुधा साखळीतल्या सर्वांत कमजोर माणसावर, म्हणजे रंगाऱ्यावर किंवा मागवाल्यावर बसतो. गेल्या काही वर्षांत या भांडणात एक नवा साक्षीदार उभा राहिला आहे. तो म्हणजे लॅपटॉपचा पडदा. हा साक्षीदार पुष्कळदा खोटी साक्ष देतो, याकडे आम्ही आज व्यापारी आणि कारागीर बांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

पूर्वी नमुन्याची चिंधी आधी जात असे आणि बोलणी नंतर होत. आता आधी फोटो जातो. भाव त्यावर ठरतो, लॉट त्यावर पास होतो आणि नापासही त्यावरच होतो. त्यातच अनेक दुकानांत आणि कारखान्यांत लिनक्सवर चालणारे संगणक आले आहेत. परवान्याचे पैसे पडत नाहीत हे त्याचे मोठे कारण. शिवाय 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार बंद केला, तेव्हा पुष्कळांनी उबंटू, मिंट किंवा फेडोराकडे मोर्चा वळवला. लिनक्सबद्दल आमची तक्रार नाही. हिशेब, पत्रव्यवहार, डिझाइन ही सारी कामे त्यावर चोख होतात. पण नवा, भारी पडद्याचा लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकले, तर बदामी रंग पिवळटतो, डाळिंबी पेटल्यासारखा दिसतो आणि पोपटी डोळ्यांत घुसतो. पाहणाऱ्याला वाटते, काय सुंदर पडदा आहे! आमच्या मते हीच धोक्याची खूण आहे.

भडकपणा येतो कोठून?

संगणकाला रंग कळत नाही, त्याला आकडे कळतात. तांबडा किती, हिरवा किती, निळा किती, असे 0 ते 255 पर्यंतचे तीन आकडे मिळून एक रंग होतो. पण 255 तांबडा म्हणजे नेमका किती तांबडा? याचे उत्तर ठरवण्यासाठी 1996 साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी एसआरजीबी नावाचे माप पुढे आणले आणि 1999 मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. आपण पाहतो ते बहुतेक फोटो आजही याच मापाने लिहिलेले असतात.

नव्या लॅपटॉपचे पडदे, विशेषतः ओलेड जातीचे, याहून मोठ्या मापाचे असतात. त्यांतले बरेच पडदे सिनेमाच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी ठरलेल्या डीसीआय-पी3 या मापाच्या जवळ जातात. त्याचा आवाका एसआरजीबीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने मोठा आहे. एसआरजीबीत लिहिलेला आकडा काहीही हिशेब न करता अशा पडद्याला दिला, तर पडदा आपल्याजवळचा सर्वांत कडक तांबडा काढून दाखवतो. चिठ्ठीवर नुसते ‘पाच’ लिहिले असावे, देणाऱ्याने गज धरावे आणि घेणाऱ्याने मीटर, तसा हा प्रकार आहे. आकडा बरोबर आहे, पट्टी वेगळी आहे.

विंडोजबरोबर काही कंपन्या स्वतःचा प्रोग्रॅम देतात. त्यात एसआरजीबी निवडले की पडदा मापात येतो. तो प्रोग्रॅम लिनक्सवर नसतो, त्यामुळे पडदा मोकळा सुटतो. म्हणून लॅपटॉप बिघडला असे समजून कोणी दुकानदाराशी वाद घालू नये. यंत्र ठीक आहे, त्याला माप सांगायचे राहिले आहे.

कापडवाल्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पी3 आणि एसआरजीबी यांत निळ्याची टोके एकच आहेत. फरक तांबड्या आणि हिरव्या टोकांत आहे. म्हणून अशा पडद्यावर निळा बहुधा ठीक दिसतो आणि लाल, केशरी, पोपटी हे रंग पेटतात. एकच साडी चार रंगांत असेल, तर एका रंगाचा फोटो खरा आणि दुसऱ्याचा खोटा, असेही होऊ शकते.

दुरुस्ती कशी करावी?

प्रथम सोप्या गोष्टी तपासाव्या. रात्री पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’ची सोय रंग पाहताना बंद ठेवावी. एएमडीच्या काही लॅपटॉपवर बॅटरीवर चालताना वीज वाचवण्यासाठी पडद्याच्या उजेडात आणि रंगात फेरफार होतो, म्हणून चार्जर लावूनच रंग पाहावा. एवढे करूनही भडकपणा राहिला, तर मूळ दुखणे मापाचे आहे असे समजावे.

इलाज आहे रंगाचे प्रोफाइल. हा पडदा कोणता तांबडा, कोणता हिरवा, कोणता निळा दाखवतो, याचा लेखी दाखला म्हणजे प्रोफाइल. दाखला हाती असला की संगणक आकडे बदलून पडद्याला देतो आणि रंग जागेवर येतो. कंपनीने पडद्याच्या चिपमध्येच अशी थोडी माहिती भरलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात.

ज्यांच्याकडे केडीई प्लाझ्मा आहे त्यांचे काम सर्वांत सोपे. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या प्लाझ्मा 6 पासून वेलँडवर प्रत्येक पडद्याला प्रोफाइल लावता येते आणि ते साऱ्या पडद्याला लागू होते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले अँड मॉनिटर’ उघडावे. तेथे ‘कलर प्रोफाइल’ या नोंदीसमोर आपली प्रोफाइलची फाइल द्यावी. नव्या आवृत्तीत ‘बिल्ट-इन’ हा पर्यायही असतो. तो निवडला की चिपमधली माहिती वापरली जाते. पुष्कळांचे काम एवढ्यावर भागते. मात्र काही पडद्यांच्या चिपमधली माहितीच चुकीची असते. ‘बिल्ट-इन’ लावल्यावर रंग विचित्र झाले, तर हे कारण समजावे.

उबंटू आणि फेडोरा यांच्या नेहमीच्या आवृत्त्यांत गनोम असते. त्यातही ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कलर’ हे पान आहे आणि तेथे प्रोफाइल लावता येते. पण गनोमचा रिवाज बराच काळ असा राहिला, की प्रोफाइलमधला उजेडाचा तक्ता तेवढा पडद्याला लावायचा आणि रंगांचा आवाका आवरण्याचे काम ज्या त्या प्रोग्रॅमवर सोडायचे. गिंप, क्रिटा, डार्कटेबल हे प्रोग्रॅम ते काम जाणतात. फोटो दाखवणारे साधे प्रोग्रॅम नेहमी जाणतातच असे नाही. म्हणून लॉट पास करताना फोटो अशा जाणत्या प्रोग्रॅममध्येच उघडावा. फायरफॉक्समध्ये रंगव्यवस्थापनाचा ‘मोड’ मुळात 2 वर असतो, म्हणजे ज्या चित्रावर मापाचा शिक्का आहे त्यालाच तो सांभाळतो. प्रगत सेटिंगमध्ये तो 1 केला, की बिनशिक्क्याची चित्रेही एसआरजीबी धरून दाखवली जातात.

मिंटसारख्या ठिकाणी, जेथे अजून बहुतेक काम जुन्या एक्स-11 वर चालते, तेथे ‘व्हायब्रंट लिनक्स’ नावाचे छोटे साधन मिळते. त्यात 1 म्हणजे रंग जसाच्या तसा आणि 0 म्हणजे अगदी राखाडी. आकडा एकाच्या खाली आणला की भडकपणा उतरतो. पण हा मलमपट्टीचा इलाज आहे. तो सगळ्या रंगांना सारखेच खाली ओढतो. लाल जागेवर येता येता बिचारा निळा विनाकारण फिका पडतो. नाइलाज असेल तरच वापरावा.

एक इशारा मात्र जरूर द्यावासा वाटतो. दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी. साऱ्या पडद्याला प्रोफाइल लावले असताना प्रोग्रॅमलाही तेच प्रोफाइल वेगळे दिले, तर दोनदा कात्री लागते आणि भडक पडदा मळकट होऊन बसतो.

पडदा सुधारा, फोटो बिघडवू नका

आमचा मुख्य मुद्दा आता येतो. पडद्याचे माप चुकलेले असताना दुकानातली पोरे फोटो दुरुस्त करायला बसतात. पडद्यावर लाल भडक दिसला की फोटोतला लाल कमी करतात. आता हा फोटो समोरच्या व्यापाऱ्याच्या साध्या पडद्यावर जातो. स्वस्त लॅपटॉपच्या जाहिरातीत ‘45 टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. एसआरजीबी पुरा दाखवायला सुमारे 72 टक्के लागतात. अशा पडद्यावर रंग आधीच फिके, त्यात आपण लाल उतरवलेला. त्याला माल धुवून विटल्यासारखा दिसतो आणि तो पाठ फिरवतो. चांगला माल केवळ आपल्या पडद्यामुळे पडून राहतो.

उलट बाजूही पाहावी. रंगाऱ्याने पाठवलेला फोटो भडक पडद्यावर पाहून व्यापारी म्हणतो, रंग जास्त चढला आहे, लॉट पुन्हा करा. रंगाऱ्याचा रंग, रसायन, पाणी आणि दिवस असे सगळे वाया जाते. त्याच्या हातात बाजू मांडायला काही नसते, कारण पडदा व्यापाऱ्याचा असतो आणि पैसाही त्याचाच अडकलेला असतो. आम्ही स्वतः व्यापारी आहोत, म्हणूनच हे स्पष्ट सांगतो, की ज्याच्या पडद्यावर माल नापास होतो, त्याने तो पडदा मापात असल्याची खात्री आधी द्यावी. काट्याचा पासंग तपासल्याशिवाय वजनावर भांडू नये, हा बाजाराचा जुना नियम आहे. तो पडद्यालाही लागू केला पाहिजे.

काही मित्र म्हणतात, भडक फोटोवर माल लवकर उठतो, मग कशाला दुरुस्ती? लवकर उठतो आणि तितक्याच लवकर परत येतो, एवढेच आमचे उत्तर. दुसरा आक्षेप वजनदार आहे. गिऱ्हाईक फोनवर पाहते आणि त्याच्या फोनमध्ये ‘व्हिव्हिड’ रंग चालू असतात. मग आपला पडदा ठीक करून काय उपयोग? उपयोग हा, की गिऱ्हाइकाचा पडदा आपल्या हातात नाही, पण आपल्याकडून निघणारा फोटो आपल्या हातात आहे. तो प्रमाण मापाचा असेल, तर वाद झाल्यावर दाखवायला आपल्याजवळ एक पक्की पट्टी राहते. दोन्ही टोकांना पट्टी चुकीची असेल तर न्याय कोण करणार?

यंत्र एक, दुकाने अनेक

चिपमधल्या माहितीपेक्षा अचूक प्रोफाइल हवे असेल तर पडदा मोजावा लागतो. त्यासाठी कलरिमीटर नावाचे लहान यंत्र येते. ते पडद्यावर टेकवून ठेवायचे. संगणक एकामागून एक रंग दाखवतो, यंत्र ते मोजते आणि शेवटी प्रोफाइल तयार होते. लिनक्सवर आर्जिल आणि डिस्प्लेकॅल हे मोफत प्रोग्रॅम हे काम करतात. ओलेड पडदा मोजताना त्या जातीच्या पडद्याची दुरुस्ती-फाइल निवडावी, नाहीतर यंत्रही चकते.

हे यंत्र एकट्या दुकानाने घेऊन वर्षातून दोनदा वापरावे हे परवडणारे नाही. म्हणून आमची सूचना आहे, की मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर येथील व्यापारी आणि कारखानदार संघटनांनी प्रत्येकी एक यंत्र घ्यावे आणि एका होतकरू मुलाला ते शिकवावे. माफक शुल्क घेऊन त्याने दुकानोदुकानी पडदे मोजून द्यावेत, आणि छोट्या रंगाऱ्याचा पडदा फुकट मोजून द्यावा. ज्या लॉटवर वाद होईल तो अशा मोजलेल्या पडद्यावरच पाहावा. निम्मी भांडणे तेथेच बसतील, अशी आमची खात्री आहे.

पडदा कितीही मापात आला तरी त्याच्या मर्यादा ओळखून असावे. धूपछाँव कापड हलवल्याशिवाय कळत नाही, जरीची चमक फोटोत उतरत नाही, आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात. म्हणून मोठ्या लॉटसाठी चिंधी पाठवणे सोडू नये आणि ती दिवसाच्या उजेडात पाहावी. फोटोने बोलणी सुरू व्हावी, शेवटचा शब्द चिंधीचा असावा.

तूर्त यंत्र नसले तरी आजच करता येण्यासारखे एक काम आहे. आपल्या शेड कार्डातले दहा रंग दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरावे आणि त्याच रंगांचा फोटो पडद्यावर उघडावा. निळे जुळले आणि लाल पेटलेले दिसले, तर दोष रंगाऱ्याचा नाही हे ओळखावे आणि त्याला फोन करण्याआधी पडद्याचे सेटिंग उघडावे.