रंग कुणाचा ठेवायचा?

फोटो कृष्णधवल करून त्यातला एखादाच रंग राखायचा, ही किमया आता घरोघरी शिकता येते. कृती सोपी. मूळ फोटो जपावा, काम प्रतीवर करावे. रंगीत फोटोवर कृष्णधवल थर चढवावा आणि त्याच्या मास्कवर काळा ब्रश फिरवावा. तेवढ्या जागेतून खालचा रंग दिसू लागतो. ब्रश भरकटला तर पांढरा फिरवावा, रंग पुन्हा झाकतो.

अवघड आहे ती निवड. स्पिलबर्गच्या ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) या कृष्णधवल चित्रपटात क्राकोच्या ज्यू वस्तीतल्या एका चिमुरडीचा कोट तेवढा लाल आहे. पुढे तोच लाल रंग प्रेतांच्या गाड्यावर दिसतो आणि काळीज हलते. लेजरमधली लाल शाईची खूणही एकटी असे, म्हणूनच नजरेत भरे.

आपण मात्र लग्नाच्या फोटोत शालू रंगीत ठेवतो आणि नवरीचा चेहरा राखाडी करतो! वस्त्राला मान, माणसाला नाही. म्हणून रंग राखण्यापूर्वी एवढेच विचारावे : उद्या नातवंडांनी या फोटोत आधी कुणाला पाहावे? आणि कडेला उभ्या असलेल्या आजीचा रंग पुसताना हात जरा अडखळला, तर तो अडखळू द्यावा.