झोपडीकर आणि बाप्तिस्मा

झिंबाब्वेत वाढलेल्या दनाई गुरिरा यांचे ‘द कन्व्हर्ट’ हे नाटक २०१२ साली प्रिन्स्टन, शिकागो व लॉस एंजेलिस अशी मजल करीत अमेरिकन रंगभूमीवर फिरले. पुढे लंडनमध्येही त्याचे प्रयोग झाले. कथानक १८९६ च्या सुमाराचे, ऱ्होडेशियातील सॉल्सबरीचे. चुलता एका म्हाताऱ्याशी लग्न लावू पाहतो म्हणून जेकेसाई ही शोना मुलगी चिलफर्ड या आफ्रिकी कॅथलिक धर्मशिक्षकाच्या घरी आश्रय घेते, ख्रिस्ती होते आणि ‘एस्टर’ बनते. तेवढ्यात उठावाचा वणवा पेटतो आणि धर्मांतरित माणूस आपल्याच लोकांच्या नजरेत फितूर ठरतो.

यावर आपला एखादा कार्यकर्ता चटकन म्हणेल की, धर्म हे केवळ निमित्त. खरे भांडण जमिनीचे. हे निदान खोटे नाही. सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने १८९० मध्ये माशोनालँड व्यापले व १८९४ मध्ये दर झोपडीमागे दहा शिलिंग कर बसविला. कर भरायचा तर गोऱ्यांकडे मजुरी करावी, नाहीतर गुरे गमवावीत. १८९६ च्या मार्चमध्ये एन्देबेले उठले, जूनमध्ये शोना. त्याच जूनमध्ये बर्नार्ड मिझेकी हा मोझांबिकहून आलेला कृष्णवर्णीय धर्मप्रचारक मारला गेला. कर त्याने बसविला नव्हता. पण कर बसविणाऱ्यांचा धर्म तो सांगत होता.

तथापि हे निदान अपुरे आहे. जेकेसाईला कंपनीने विकत घेतले नव्हते. तिच्या कुळाने तिच्यापुढे नको असलेल्या लग्नाखेरीज मार्गच ठेवला नव्हता. दुसरा मार्ग मिशनच्या दारातून जात होता, आणि त्याची किंमत म्हणून तिला स्वतःचे नावही सोडावे लागले. उठावाच्या प्रेरक मानल्या गेलेल्या नेहांडा व कागुवी यांना १८९८ मध्ये फाशी झाली. फाशीपूर्वी कागुवीने बाप्तिस्मा घेतला. नेहांडाने तो अखेरपर्यंत नाकारला. दोघांवरचे राज्य एकच, शिक्षा एकच. निर्णय मात्र भिन्न.

अर्थशास्त्र शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. लोक का उठले, हे करावरून सांगता येते. एक मुलगी क्रूसापुढे का झुकली, हे सांगता येत नाही. तिला फितूर म्हणण्याआधी, तिच्यासाठी आपण कोणते दार उघडे ठेवले होते, हा प्रश्न परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे.