टिप्परमधली तेरा माणसे

समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा परिसर आला, की गाडीतले कुणीतरी त्या जळालेल्या बसची आठवण हटकून काढते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर तिथे २५ प्रवासी गेले आणि साऱ्या महाराष्ट्रात वेग, टायर, चालकाची झोप यांवर चर्चा झाली. मला मात्र त्याआधीचा एक दिवस आठवतो. २० ऑगस्ट २०२१. रस्ता अजून व्हायचा होता. त्याच्या कामासाठी लोखंडी सळया नेणारा टिप्पर तढेगावजवळ उलटला. टिप्परमध्ये सळयांबरोबर मजूरही होते. तेरा जण दगावले.

ती माणसे सळयांसोबत का बसली होती? धाडस म्हणून नव्हे. कामावर पोचण्याचे दुसरे साधन नसले, की मजूर मिळेल त्यात चढतो. मग अशा वेळी जबाबदारी कुणाची? चालकाची, हे उत्तर सोपे आणि सगळ्यांच्या सोयीचे. कायदा तसे म्हणत नव्हता. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याचे ४४ वे कलम सुरक्षेवर सतत देखरेख ठेवण्याची आणि अपघात टाळण्याची जबाबदारी थेट मालकावर टाकत होते. भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही मधल्या कंत्राटदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाची सुटका नव्हती. आधी त्याने पैसे द्यावेत, मग हवे तर कंत्राटदाराकडून वसूल करावेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली आहे. घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध दिसल्यास, आता कामावरचाच धरला जाईल. तरतूद चांगली आहे. पण ती उपयोगी पडते अपघातानंतर. टिप्पर निघण्याआधी ‘माणसे खाली उतरवा’ म्हणणारा कुणीतरी तिथे उभा हवा, आणि त्याचा पगार मालकानेच द्यायला हवा. खर्च नेमका इथेच वाचवला जातो.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. गेल्या हंगामात आमच्या शेतावर सोयाबीन सोंगायला बायका आल्या, त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीने उभ्या राहून. मुकादमाने भाडे सांगितले, मी ते जास्त वाटून कमी करून घेतले. ट्रॉलीत किती जणी होत्या, हे मोजले नाही.