बारा व्होल्टला कोण घाबरतं?

होस्टेलमधल्या कुणालाही विचारा, '२३० व्होल्टच्या उघड्या वायरला हात लावशील का?' तो तुम्हाला वेड्यात काढेल. मग विचारा, 'आणि गाडीच्या बॅटरीला?' तो हसून म्हणेल, 'अरे, बाराच व्होल्ट तर आहेत!' शॉकपुरतं हे उत्तर बरोबर आहे. कोरड्या हाताला बारा व्होल्ट जाणवतही नाहीत. पण वीज फक्त शॉक देऊन मारत नाही, आग लावूनही मारते. आणि वायर तापते ती तिच्यातून किती अँपिअर धावतात त्यावर. हा फरक आपण पेपरात लिहितो, व्हायव्हात सांगतो, पण हातात काही उतरवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावचा. बाजूलाच धाटावची एमआयडीसी. आमच्याकडे नोकरीला लागलेला मुलगा पहिल्या दोन-तीन वर्षांत सेकंडहँड गाडी घेतो आणि गाडी घेतली की पहिलं काम म्हणजे टेप बसवणं! (कॅसेट कधीच गेली, तरी आमच्याकडे त्याला अजून टेपच म्हणतात.) गणपतीच्या आधी तर वायरिंगवाल्यांना जेवायला फुरसत नसते. सुट्टीत मी अशाच एका वायरिंगवाल्या काकांच्या दुकानात बसत असे. तिथे एक संवाद इतक्या वेळा ऐकलाय की पाठ झालाय.

"काका, ते फ्यूज वगैरे राहू दे. बॅटरीवरून डायरेक वायर मारा, लवकर होईल."

"भाऊ, पाहिजे तर मजुरी कमी द्या, पण फ्यूज घ्या."

काका दहावीपर्यंतही शिकलेले नाहीत. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांत मात्र आपल्यासारखे डिग्रीवाले पुष्कळ असतात. आता यात इंजिनिअर कोण, तुम्हीच सांगा.

काकांच्या हट्टामागचं गणित करून बघू. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण १७ मिलिओहम. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत २ मीटर वायर धरली तर ३४ मिलिओहम. चांगल्या बॅटरीचा आतला रोध ६ मिलिओहम धरा. एकूण झाले ४०. ही वायर बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी ग्रॉमेट नसेल तर गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार वायरचं प्लास्टिक हळूहळू खात राहते. आज नाही, उद्या नाही, वर्षा-दोन वर्षांनी एक दिवस तांबं बॉडीला टेकतं. बॉडी म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह. मग १२.६ भागिले ०.०४ म्हणजे ३१५ अँपिअर! त्या वायरमध्ये तयार होणारी उष्णता तीन किलोवॅटच्या वर जाते. बाथरूममधला इन्स्टंट गीझर साधारण एवढाच असतो, पण त्याच्याभोवती पाणी असतं. इथे वायरीभोवती आहे प्लास्टिक, फोम आणि सीटचं कापड. काही सेकंदांत काय होईल ते सांगायला नको.

आणि अशा आगीत दरवाजाच्या काचा चालवणारी वायरिंगही जळते. म्हणजे आतल्या माणसाला काच खाली करायची सोयसुद्धा राहत नाही.

म्हणून फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. सेटच्या मागे कंपनीने दिलेला फ्यूज सेटला वाचवतो. बॅटरी ते सेट या वायरीला तो वाचवू शकत नाही, कारण शॉर्ट त्याच्या आधीच होतो. फ्यूज वायरच्या राखणीला असतो, हे वाक्य आपल्या लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावणारे महाभाग आपल्यातही आहेत. राखणदार ओरडला म्हणून त्याचाच गळा दाबण्यातला हा प्रकार आहे.

कुणाला वाटेल, मी उगाच बागुलबुवा उभा करतोय. २०१० साली टाटा नॅनोच्या काही गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा कंपनीने तपासानंतर सांगितलेल्या कारणांत गाडीत बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणं हेही एक होतं. त्याच वर्षी कंपनीने विकलेल्या गाड्यांच्या विद्युत यंत्रणेला आणि एक्झॉस्टला जादा संरक्षण मोफत द्यायचं जाहीर केलं. दोष कुणाचा हा वाद बाजूला ठेवू. पण बाहेरून जोडलेली एक वायर अख्ख्या गाडीचा प्रश्न होऊ शकते, एवढं तर पटायला हरकत नाही!

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. सेटच्या खोक्यावर छापलेलं असतं '५० वॅट गुणिले ४', आणि आपण खूश. गाडी चालू असताना व्होल्टेज १४.४ धरा, स्पीकर ४ ओहमचा. शुद्ध साइन वेव्हला जास्तीत जास्त १४.४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे २६ वॅट. वेव्ह पार चौकोनी होईपर्यंत, म्हणजे आवाज पूर्ण फाटेपर्यंत, सेट ताणला तर वर्ग भागिले ४, म्हणजे ५२. खोक्यावरचा आकडा हा फाटलेल्या आवाजाचा असतो! शिवाय मागे फ्यूज बहुधा १० अँपिअरचा. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट. मग २०० वॅट सतत येणार कुठून? सेकंड इयरच्या कुणालाही जमेल असं हे गणित आहे, पण दुकानात उभं राहून कितीजण करतात?

टेपचं आणि बॅटरीचं नातं याहून जवळचं आहे. सेटला दोन पॉझिटिव्ह वायरी असतात. पिवळी कायम चालू, मेमरीसाठी. लाल किल्लीवर चालणारी. घाईत दोन्ही एकत्र करून बॅटरीवर मारल्या की किल्ली काढली तरी सेट झोपत नाही. समजा अर्धा अँपिअर खात राहिला. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवर. ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांत खडखडाट! प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी स्टार्टर मान टाकतो. मग आपण होस्टेलच्या उतारावर सरांच्या गाडीला धक्का मारायला जातो, सर नवी बॅटरी आणतात आणि महिनाभरात पुन्हा तेच. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

खरं तर बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटर लावायला दहा मिनिटं लागतात. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास आकडा दिसला की चार्जिंग ठीक आहे. मग निगेटिव्ह केबल काढून मीटर १० अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडायचा, दरवाजे लावायचे, थोडा वेळ थांबायचं. नव्या गाड्यांना पूर्ण झोपायला अर्धा तासही लागतो. ५० मिलिअँपिअरच्या वर आकडा राहिला तर कुणीतरी चोरून खातंय. मीटर मध्ये असताना सेल्फ मात्र मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच.

बॅटरी बदलताना निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची. हा नियम सगळे पाठ म्हणतात, कारण विचारलं की गप्प. कारण साधं आहे. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेली असेल, तर वरचं ३१५ अँपिअरचं गणित पान्यातून होणार. तेही चार्जिंगमुळे हायड्रोजन साचू शकतो अशा जागी! म्हणून हातातली अंगठी, कडं, घड्याळही आधी काढायचं. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यायची. शिसं आणि ॲसिड गटारात सोडलं तर आमच्याकडे ते शेवटी कुंडलिकेलाच मिळणार. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेऊन रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

सांगायचा मुद्दा हा, की यात फर्स्ट इयरच्या पलीकडचं काहीच नाही. ओहमचा नियम आणि थोडी अक्कल. आपण वर्कशॉपला फायलिंग करकरून हाताला फोड आणतो. त्यालाही माझा विरोध नाही. पण त्यातलं एकच प्रॅक्टिकल या कामाला द्यावं, अशी माझी मागणी आहे. भंगारातल्या गाडीचं वायरिंग, एक बॅटरी, एक सेट, चार स्पीकर, सगळं एका प्लायवूडच्या बोर्डावर. बॅटरीपाशी सरांनी लावलेला फ्यूज, म्हणजे चूक झाली तर फक्त दहा रुपयांचा तुकडा उडेल. प्रत्येक मुलाने आणि मुलीने ते जोडायचं, बिघाड शोधायचा, बॅटरी काढून लावायची. आणि पहिल्या दिवशी शिकवायला एखाद्या वायरिंगवाल्या काकांना एक्स्पर्ट लेक्चरच्या मानधनावर सन्मानाने बोलवावं.

'हे तर आयटीआयवाल्यांचं काम,' असं म्हणणारे भेटतील. त्यांना एवढंच विचारतो, ज्याला दोन मीटर वायरीचा फ्यूज ठरवता येत नाही, त्याच्या भरवशावर उद्या अख्खी इलेक्ट्रिक बस कशी सोडायची? तिच्यात तर शेकडो व्होल्ट असतात आणि दिवे-हॉर्नसाठी कमी व्होल्टची बॅटरी वेगळीच!

प्रॅक्टिकल सुरू होईल तेव्हा होवो. तोवर गाडीचं काम करून घेताना तीन प्रश्न नक्की विचारा: फ्यूज कुठे लावला? वायर पत्र्यातून जाते तिथे रबर आहे का? मूळ वायरिंग कापलं की कपलरला कपलर जोडला? तिन्हीची उत्तरं मिळाली तर वायरिंगवाल्याशी पैशांसाठी घासाघीस करू नका. मजुरीबरोबर तुम्ही त्याला राखणदाराचा पगारही देताय.