फोटोची पाठ

बेसबॉल हा खेळ मला अजून नीटसा कळलेला नाही. त्याच्या जुन्या छायाचित्रांनी मात्र वेड लावलंय. होनस वॅग्नर या खेळाडूचं, १९०९च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं एक छापील कार्ड २०२२ साली ७२.५ लाख डॉलरना विकलं गेलं. ते ज्या फोटोवरून केलं, तो बोस्टनच्या कार्ल हॉर्नरने आपल्या स्टुडिओत काढलेला. त्याचं नाव किती जणांना ठाऊक असेल?

चार्ल्स कॉनलन तर न्यूयॉर्कमधल्या एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक. १९०४पासून हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन मैदानावर जायचा. खेळाडूंचे चेहरे त्याने इतक्या जवळून टिपले की सुरकुत्या मोजून घ्याव्यात. (जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्याची नजर अशीच होते, हे मी मास्तर म्हणून सांगतो!)

म्हणून माझं म्हणणं, जमवणाऱ्यांनी फोटो आधी उलटून पाहावा. पाठीवरचा शिक्का, पेन्सिलीची नोंद, चिकटवलेलं कात्रण म्हणजे घाण नव्हे. ते पुसलं, खरवडलं की फोटो स्वच्छ दिसतो खरा. पण तो कोणी आणि कधी काढला, हे सांगणारं मग काहीच उरत नाही.