पिवळ्या दिव्याची भाषा कोणाची?

घाट उतरणाऱ्या चाळीस टनी मालमोटारीच्या चालकासमोर एक लहानसा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवताच तो पेटावा आणि थोड्याच वेळात विझावा, अशी योजना आहे. तो पेटलेलाच राहिला, तर एबीएस या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या, चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत दोष शिरला आहे, असा त्याचा अर्थ. हा अर्थ किती चालकांना ठाऊक आहे आणि ठाऊक असला तरी त्यावर इलाज करणे त्यांच्या हाती आहे काय, हा प्रश्न जितका यंत्रशास्त्राचा, तितकाच अर्थकारणाचा आणि सार्वजनिक सुरक्षिततेचाही आहे.

या यंत्रणेचे तत्त्व साधे आहे. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते आणि त्याच्या अगदी निकट बसवलेला सेन्सर चाकाची गती मोजतो. जोराचा ब्रेक लागून चाक जाम होऊ लागले की नियंत्रक पेटी त्याच्या ब्रेकमधील हवेचा दाब सेकंदात अनेकदा कमी-अधिक करते. चाक फिरते राहिल्याने गाडी चालकाच्या ताब्यात राहते आणि ट्रेलर जोडलेले वाहन मधोमध दुमडून आडवे होण्याचा धोका कमी होतो. दिवा पेटला म्हणजे ब्रेकच गेले, असे मात्र समजू नये. हवेचे साधे ब्रेक सामान्यतः चालूच राहतात. गमावलेली असते ती निसरड्या रस्त्यावरची अखेरची राखण. उलटपक्षी, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरणाऱ्याचे तापलेले ब्रेक ही यंत्रणा वाचवू शकत नाही.

दोष आढळताच नियंत्रक पेटी त्याची नोंद अंकांत करते. जड वाहनांसाठी प्रचलित असलेल्या जे-१९३९ या मानकानुसार ही नोंद जोडअंकी असते: पहिला अंक दोष कोठे आहे ते सांगतो, दुसरा तो कोणत्या प्रकारचा आहे ते. ७८९ म्हणजे पहिल्या आसाच्या डाव्या चाकाचा सेन्सर, ७९० म्हणजे उजव्या चाकाचा. ७९१ आणि ७९२ हे दुसऱ्या आसाचे. त्यासोबत ५ हा अंक आला, तर विद्युत्-मंडल खंडित झाल्याची शक्यता प्रथम तपासावी. परंतु अंक जागा दाखवतो, कारण शोधण्याचे काम माणसालाच करावे लागते. सेन्सरची तक्रार घासलेल्या वायरमुळे, साचलेल्या चिखलामुळे किंवा सैल झालेल्या बेअरिंगमुळेही उद्भवू शकते. अशा वेळी नवा सेन्सर बसवला तर पैसा जातो आणि दोष राहतो. नुसता कोड पुसून टाकणे, हे तर थर्मामीटर फोडून ताप उतरवण्यासारखेच झाले.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे १९७५ साली जड वाहनांवर अशा यंत्रणेची सक्ती आली. पण तत्कालीन उपकरणे रस्त्यावर भरवशाची ठरली नाहीत आणि १९७८ साली न्यायालयाने ती सक्ती रद्दबातल ठरवली. ट्रॅक्टरसाठी १९९७ आणि ट्रेलरसाठी १९९८ साली सक्ती पुन्हा आली, ती इशारादिव्याच्या अटीसह. २००१ पासूनच्या नव्या वाहनांत ट्रेलरमधील दोषही चालकाच्या कक्षात दिसला पाहिजे, असे बंधन आले. यंत्राची सक्ती करून भागत नाही, त्याचा बिघाड वेळेवर कळण्याची सोयही लागते, हा धडा शिकण्यास दोन दशके लागली.

भारतात जड मालमोटारी व बसगाड्यांसाठी ही सक्ती २०१५ साली झाली. यंत्र आले, त्याची भाषा मात्र अधिकृत कार्यशाळांच्या संगणकापुरती राहिली. येथील मालवाहतुकीचा मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे. गाडी दोन दिवस उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, चालकाचा भत्ता थांबत नाही; हातचा माल मात्र दुसरा उचलतो. महामार्गावरच्या गॅरेजमधील कुशल मेकॅनिकपाशी अंक वाचण्याचे साधन नसेल, तर मालक दिवा तसाच पेटता ठेवतो. त्याच्यापुरता हा हिशेब चुकीचा नाही. पण त्या हिशेबात न धरलेली किंमत पावसाळ्यात समोरून येणारा अनोळखी प्रवासी मोजतो. बाजारव्यवस्था येथे अपुरी पडते, हे उघड आहे.

अधिकृत जाळ्याबाहेरील दुरुस्तीकारांना सुटे भाग व दोषनिदानाची साधने न देण्याच्या प्रथेवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली बोट ठेवले आणि १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनेही होती. अप्रशिक्षित हातांत ब्रेकची यंत्रणा देणे धोक्याचे आहे, हा कंपन्यांचा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. तथापि, नियंत्रक पेटीतील आज्ञावली बदलू देणे वेगळे आणि तिने नोंदवलेला दोष वाचू देणे वेगळे. पहिल्या गोष्टीवर निर्बंध असावेत. दुसरी अडवून ठेवण्यास समर्थन नाही.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. प्रत्येक मालमोटारीसोबत दोषांकांचा तक्ता मराठीसह प्रादेशिक भाषांत मिळावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून महामार्गावरील मेकॅनिकांसाठी अल्पमुदतीचे वर्ग चालावेत आणि अंक वाचणारे यंत्र घेण्यास त्यांना माफक व्याजाचे कर्ज मिळावे. योग्यता प्रमाणपत्र देताना दिवा पेटतो आणि विझतो, या दोन्ही गोष्टी पाहिल्या जाव्यात. कारण बल्ब काढून टाकला तर दिवा कधीच पेटत नाही आणि कागदावर गाडी निर्दोष ठरते. कायद्याने जे यंत्र सक्तीचे केले, त्याचा इशारा समजून घेण्याचा अधिकार ते चालवणाऱ्यास व दुरुस्त करणाऱ्यास नसावा, ही विसंगती जितकी लवकर दूर होईल, तितके बरे.